बीसीएम गेलाय म्हणे? आधी मॅटिंग उचला

पत्र: "माझी २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८३ हजार किलोमीटर झालेत. ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती, आता मीच चालवते. पाऊस सुरू झाल्यापासून गाडीच्या अंगात आल्यासारखं झालंय. वायपर न लावताच दोनदा फिरतो आणि थांबतो. रात्री दारांची लॉकं आपोआप टकटक करतात, शेजारणीला चोर आल्यासारखं वाटलं. उजवा इंडिकेटर लागत नाही, पण हॅझर्डचं बटण दाबलं की चारही दिवे व्यवस्थित लुकलुकतात. तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. गॅरेजवाल्याने मशीन लावून 'बीसीएम गेलाय, २६,५०० रुपये' असं सांगितलं. आयटीआय झालेला भाचा म्हणतो, पुण्याच्या जुन्या बाजारात चार हजारात मिळेल, मी बसवतो. मुलगा म्हणतो, पंधरा वर्षांची होत आली, भंगारात काढ. कोणाचं ऐकू? – एक वाचक, कराड"

ताई, आज तरी तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, पण गॅरेजवाल्याने तेवढंच नीट ऐकलं असतं तर २६,५०० चा आकडा त्याच्या तोंडातून निघाला नसता. हॅझर्ड लावला की उजवे दिवे लागतात, हे ते वाक्य. त्याच्याकडे येतोच, पण आधी हा बीसीएम म्हणजे काय ते सांगतो.

जुन्या पद्मिनीत वायपरचं बटण दाबलं की करंट त्या बटणातून वाट काढत थेट मोटरकडे जायचा. बटण, वायर, मोटर, संपलं. बिघडलं की वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन वायरीच्या मागे मागे जायचा आणि तासाभरात दोष सापडायचा. तुमच्या गाडीत बटण काम करत नाही, फक्त निरोप देतं. तो निरोप जातो डॅशबोर्डखाली, बहुतेक फ्यूज बॉक्सला चिकटूनच बसलेल्या एका डब्याकडे. तोच बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम. इंडिकेटर, वायपर, लॉक, आतला दिवा, काही गाड्यांत हॉर्न आणि खिडक्याही, या सगळ्यांचा हा कारभारी. बटणाने निरोप दिला की हा आतला रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा छोटा स्विच, ओढतो आणि पुढे करंट सोडतो. इंजिनाचा कारभार वेगळ्या ईसीएमकडे असतो, म्हणून तुमची गाडी बॅटरी असली की निमूट चालू होते.

आता असं बघा. कारभाऱ्याला खोटा निरोप मिळाला तर तो चुकीचं काम करणारच. त्यात त्याचा काय दोष? स्टिअरिंगशेजारच्या वायपरच्या काठीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, पाणी शिरून दोन पिना एकमेकींशी बोलायला लागल्या, की बीसीएमला वाटतं बाईंनी वायपर लावला. तो फिरवतो. पाणी सुकलं की थांबतो. दाराच्या लॉकचंही तेच.

आणि हॅझर्डचं वाक्य. उजव्या बाजूचे पुढचे-मागचे दिवे इंडिकेटरला आणि हॅझर्डला एकाच वाटेने करंट घेतात, बीसीएमच्या एकाच बाजूने. हॅझर्डला ते लागतात, याचा अर्थ बल्ब ठीक, दिव्यांपर्यंतची वायर ठीक, दिव्यांची अर्थिंग ठीक आणि बीसीएमच्या आतलं करंट सोडणारं अंगही ठीक. उरलं काय? इंडिकेटरची काठी आणि काठीपासून बीसीएमपर्यंतची वायर. निरोपच पोचत नाहीये. हॅझर्डलाही दिवे लागले नसते तर मी वेगळं बोललो असतो.

म्हणजे वायपर, लॉक, इंडिकेटर या तिन्ही तक्रारींत मला डब्याच्या आत येणाऱ्या बाजूचा संशय येतो. बीसीएम शंभर टक्के निर्दोष आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडाशीही, म्हणजे कपलरच्या पिनांवर, हिरवट गंज चढलेला असू शकतो. पण पिना साफ करणं वेगळं आणि डबाच बदलणं वेगळं.

पाऊस सुरू झाल्यापासून, असं तुम्हीच लिहिलंय. मग पहिलं काम: पुढच्या दोन्ही सीटखालचं मॅटिंग कोपऱ्यातून उचला आणि खालच्या स्पंजवर हात दाबा. वरून कोरडं दिसतं, पण स्पंज आठवडा-आठवडा पाणी धरून ठेवतो. हात ओला झाला तर दुखणं तिथेच आहे. गाडी झाडाखाली लावता का ते पत्रात नाही, पण माझी पैज आहे की लावता. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी काळी जाळी असते. तिच्याखाली पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायला भोकं. पानं कुजून ती भोकं बुजली की पन्हळीचं तळं होतं, पाणी वाट शोधतं आणि जिथून वायरीचा जुडगा केबिनमध्ये शिरतो त्या रबरातून आत येतं. वायरीच्या अंगावरून ओघळत ते थेट फ्यूज बॉक्सवर. समोरची काच कधी बदलली असेल आणि चिकटवताना कंजूषपणा झाला असेल, तर तिथूनही हेच होतं. एसीची पाण्याची नळी तुंबली तरी मॅटिंग भिजतं, पण ते उन्हाळ्यातही भिजतं आणि बहुतेक डाव्या बाजूला.

खात्री करायची रीत सोपी आहे. भाच्याला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून झोपवा आणि तुम्ही बाहेरून काचेच्या बुडाशी तांब्याने सावकाश पाणी ओता. पाइपचा फवारा नको, त्याने नसलेल्या ठिकाणीही पाणी घुसतं. पाच मिनिटं धीर धरा. थेंब कुठून येतो ते भाचा ओरडून सांगेल.

हे मी इतकं घोळून सांगतोय, कारण माझेच हात पोळलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी नवा डबा बसवला. जुना उघडून पाहिला होता, आत पांढरी पावडर जमलेली, गंजलेला, बाद. माझं निदान बरोबरच होतं. पण पाणी आत आलं कुठून, हे मी विचारलंच नाही. पुढच्या पावसाळ्यात गाडी तीच तक्रार घेऊन दारात हजर. दुसऱ्या डब्याचे पैसे मी भरले. गिऱ्हाईक भला होता म्हणून बोलला नाही, पण परत आलाही नाही.

आता बॅटरीचं. ही तक्रार मी बाजूला ठेवली होती, कारण ती वेगळी असू शकते. तुमच्यासारख्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गाडी लॉक करून अर्धा तास गेला की सगळे डबे झोपतात आणि मग सगळे मिळून ५० मिलिअँपिअरच्या आतच करंट खातात. तेवढ्याने बॅटरी तीन-चार आठवडे तग धरते. तुमची तिसऱ्या दिवशी बसते. हिशोब करा: ०.४ अँपिअर कुठेतरी सतत जात असेल, तर दिवसाला ९.६ अँपिअर-अवर, तीन दिवसांत जवळजवळ २९. पस्तिसातले एकोणतीस गेल्यावर स्टार्टर काय फिरणार? बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही आधी.

लॉकं रात्रभर टकटक करत असतील तर कारभाऱ्याला झोप कशी लागेल? दर थोड्या वेळाने खोटा निरोप येतो, तो जागा होतो, करंट खातो. म्हणून दोन्ही तक्रारींचं मूळ एक असण्याची शक्यता बरीच आहे. पण इथे दुसरा एक संशयित आहे आणि तो सहसा कोणी पकडत नाही. गाडी घेतल्यावर बाहेरून रिमोट-लॉक किंवा सायरन बसवून घेतला होता का? त्या काळात अ‍ॅक्सेसरीवाले ते सर्रास बसवायचे. गाडीच्या मूळ वायरी सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळून. पंधरा वर्षांनी त्या टेपचा चिकटा होतो आणि पीळ सैल पडतो. बाहेरून बसवलेला असा डबा असेल तर भाच्याला आधी त्याचा कपलर काढायला सांगा आणि दोन रात्री बघा. टकटक थांबली तर देवाला नारळ फोडा. किल्लीने दार उघडायची थोडी सवय करावी लागेल, इतकंच.

भाचा आयटीआयचा आहे, म्हणजे त्याच्याकडे मल्टिमीटर असेलच. त्याच्यासाठी लिहितो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. यात गडबड असेल तर पुढचं काही तपासू नकोस, कारण व्होल्टेज पडलं की चांगला बीसीएमही वेड्यासारखं करतो. मग हेडलाइट लावून मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बीसीएमच्या अर्थच्या पिनेवर ठेव. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगली, ०.२ च्या वर गेलं तर बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टने बसलीय तो बोल्ट सोड, पत्रा घासून चकचकीत कर आणि परत आवळ. गेलेल्या बीसीएमच्या नावावर खपलेल्या कितीतरी तक्रारी या एका बोल्टने मिटतात. करंट मोजताना मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लाव, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोड, दारं उघडी ठेवायची असतील तर लॅच पेचकसाने बंद कर म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल, आणि मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नकोस. मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांब. मग आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर आहे.

वायपरसाठी: वायपरच्या काठीचा कपलर काढून ठेव आणि काचेवर पाणी मार. काठी सुटलेली असताना वायपर स्वतःहून फिरला नाही तर दोष काठीच्या बाजूला. फिरला, तर मात्र डब्यावरचा संशय वाढतो, आतला रिले चिकटत असेल.

कपलर साफ करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. एअरबॅग असेल तर त्यानंतर थोडा वेळ थांबून मगच स्टिअरिंगच्या आसपास हात घालायचा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मीटर लावायचा नाही. पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि पूर्ण सुकू द्यायचं. सॅंडपेपर नको, पिनेवरचा मुलामा जातो आणि वर्षात पुन्हा गंज. हेअर ड्रायर जवळ धरून प्लॅस्टिक वितळवलेलेही मी पाहिलेत. आणि हो, डबा तांदळात पुरून ठेवू नका. तांदूळ खिचडीला ठेवा.

गॅरेजवाल्याच्या मशीनबद्दलही थोडं. स्कॅनर दोष वाचतो, निदान करत नाही. त्यात पी ने सुरू होणारे कोड इंजिन-गिअरबॉक्सचे, बी चे बॉडीचे, सी चे चॅसिसचे आणि यू चे डब्यांमधल्या बोलण्याचे. यू चा कोड आला म्हणजे 'अमुक डब्याशी बोलणं होत नाही' एवढंच कळतं. डबा मेलाय, की त्याचा फ्यूज गेलाय, की अर्थ सुटलाय, की वायर उंदराने खाल्लीय, हे स्कॅनर कसं सांगणार? तुम्ही जाऊन शांतपणे एवढंच विचारा: कोणता कोड आला तो कागदावर लिहून द्या, बीसीएमला येणारा प्लस आणि अर्थ मोजला का, किती आला? मोजलं असेल तर तो सांगेल आणि मी माझे शब्द मागे घेईन. मोजलं नसेल तर तो तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही असं दाखवायचा प्रयत्न करील. बायकांशी बोलताना आमच्या धंद्यात ही सवय आहे, खोटं कशाला बोलू. तिथून उठा.

समजा हे सगळं केलं आणि डबाच गेलाय असं सिद्ध झालं. तेव्हा काय?

भाच्याचा चार हजारांचा बेत चुकीचा नाही, अर्धवट आहे. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर डबा मिळून जाईल. दिसायला हुबेहूब, कपलरही बसतील. पण डबा म्हणजे नुसतं प्लॅस्टिक आणि रिले नाहीत, त्याच्या आत गाडीची माहिती असते. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाडीतले डबे बाहेरून सारखे दिसतात. एकाला मागचा वायपर माहीत असतो, दुसऱ्याला नसतो. म्हणून पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, शेवटचं अक्षर वेगळं असेल तर डबा वेगळा. काही गाड्यांत चोरीविरोधी इमोबिलायझरही बीसीएममध्येच असतो, काहींत तो स्वतंत्र असतो. आतच असेल तर परक्या गाडीचा डबा तुमच्या किल्लीला ओळखणार नाही आणि इंजिन चालू होणार नाही. तेव्हा गाडी गॅरेजपर्यंत न्यायलाही टोचन लागेल.

यावर उपाय आहे. बीसीएमच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर बऱ्याचदा आठ पायांची एक बारीक मेमरी चिप असते. ती शाबूत असेल तर ईसीएम दुरुस्त करणारे कारागीर जुन्या चिपवरची माहिती वाचून दुसऱ्या डब्यात उतरवतात. म्हणून जुना डबा कितीही सडका असला तरी कोणालाही 'एक्स्चेंज'मध्ये देऊन टाकू नका. तुमच्या गाडीची ओळख त्यात आहे. असा कारागीर भेटला तर त्याला आधी जुनाच डबा दुरुस्त होतो का ते विचारा. चिकटलेला रिले किंवा तडकलेलं सोल्डर एवढाच दोष असेल तर तो बदलून मिळतो, आणि माहिती, किल्ली, कोडिंग (म्हणजे डब्यात तुमच्या गाडीची माहिती भरणं) कशालाच हात लावावा लागत नाही. माझ्या मते जुन्या गाडीसाठी हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा. पाटीच पाण्याने खाल्ली असेल तर मात्र नाद सोडा.

जुना डबा घेताना स्क्रूच्या खाचांत आणि कपलरच्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ आहे का ते बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला पुराचं पाणी मी काय समजावू. त्या पाण्यातल्या गाड्यांचे सुटे भाग कुठे ना कुठे विकले जातातच. आणि दुकानात भिंतीवर 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतले जाणार नाहीत' ही पाटी असते, ती शोभेची नसते.

नवाच घ्यायचा ठरला तर तो अधिकृत ठिकाणी घ्या, पण २६,५०० मध्ये कोडिंग आणि किल्ल्यांची नोंद धरलीय का ते आधी लेखी घ्या. जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या. कपाटात पडलेली दुसरी किल्लीही. नोंदीच्या वेळी हजर नसलेली किल्ली काही गाड्यांत बाद होते. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर कोरा करकरीत डबा अर्धवट अवस्थेत अडकतो. नंतर खिडक्या एकदा पूर्ण वर-खाली कराव्या लागतील, रेडिओला कोड असेल तर तो द्यावा लागेल. किरकोळ आहे.

विम्याकडून आशा ठेवू नका. विद्युत बिघाड आणि झीज आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेली असते.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याने हिशोब उलटा मांडलाय. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तुमची २०२६ मध्ये संपते. तपासणीत पास झाली तर पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याची फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीत इंडिकेटर, वायपर, हॉर्न बघतातच, म्हणजे हे दुखणं तुम्हाला तसंही काढावंच लागणार. ८३ हजार किलोमीटर म्हणजे पेट्रोल इंजिनाला काहीच नाही. पत्रा खालून सडलाय का, ते मात्र गाडी रॅम्पवर चढवून बघून घ्या. खालचा पत्रा सडलेला निघाला तर मुलाचं ऐका, आणि डब्यावर एक रुपयाही घालू नका. पत्रा चांगला असेल तर दुसऱ्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा ही परवडेल.

तोवर एक करा. गाडी तीन दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, दहा नंबरचा पाना पुरतो. आणि कोणी दुसऱ्या गाडीवरून वायर लावून स्टार्ट करून द्यायला आलं तर लाल-काळं तुम्ही स्वतः बघा. उलटं लागलं तर मग खरोखरच बीसीएम जाईल, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन-चार डबे.

मॅटिंग ओलं निघालं का, ते कळवा. भाच्याने मोजलेले आकडेही त्याच कागदावर लिहा. बॅटरीचे, अर्थिंगचे आणि अर्ध्या तासानंतरच्या करंटचे.